रिमिनी की व्हियारेज्जो? इटलीच्या समुद्रकाठची दोन शहरे आणि एक निवड

इटलीला निघालेल्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या यादीत रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावे आधीच पक्की झालेली असतात. प्रश्न उरतो तो मधल्या तीन-चार दिवसांचा. संग्रहालयांच्या रांगांना कंटाळलेल्या माणसाला तेव्हा समुद्रकाठी थोडे थांबावेसे वाटते, पण नुसते वाळूत पडून राहणेही त्याला पटत नाही. अशा माणसासाठी येथे दोन शहरांचा विचार केला आहे. एक पूर्वेकडच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचे रिमिनी आणि दुसरे पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरचे, तस्कनी प्रांतातले व्हियारेज्जो. दोन्ही ठिकाणी मऊ वाळूचा रुंद किनारा आहे, दोन्ही ठिकाणी रेल्वे थेट जाते आणि समुद्रस्नानाचा व्यवसाय दोन्ही शहरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केला. साम्य येथेच संपते. रिमिनी हे दोन हजारांहून अधिक वर्षांचे शहर आहे आणि किनाऱ्यावरचा बाजार त्याला फार मागाहून येऊन चिकटला. व्हियारेज्जोला मात्र शहरपण आले तेच समुद्रामुळे. कोणत्या गावी उतरायचे याचे उत्तर बहुतांशी या एका फरकात आहे.

रिमिनी: समुद्राकडे पाठ असलेले शहर

रोमनांनी येथे इ.स.पू. २६८ मध्ये ‘अरिमिनुम’ नावाची वसाहत केली ती हवा खाण्यासाठी नव्हे, तर उत्तरेच्या मैदानावर नजर ठेवण्यासाठी. रोमहून निघालेला फ्लामिनिया मार्ग येथे संपत असे आणि पो नदीच्या खोऱ्याकडे जाणारा एमिलिया मार्ग येथूनच सुरू होत असे. पहिल्या मार्गाच्या शेवटी ऑगस्टसची कमान आहे. ती इ.स.पू. २७ मधली असून आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या रोमन कमानींपैकी एक गणली जाते. दुसऱ्या मार्गाच्या तोंडाशी तिबेरियसचा पूल आहे. कमानीपासून पुलापर्यंत जाणारा सरळ रस्ता पायी पंधरा-वीस मिनिटांचा आहे आणि त्या वाटेवर शहराचा जवळजवळ सगळा इतिहास क्रमाने भेटतो. मध्येच लागणारा चौक म्हणजे जुना रोमन फोरम, म्हणजे शहराचा मुख्य सार्वजनिक चौक, होय. रुबिकॉन नदी ओलांडून आलेल्या सीझरने इ.स.पू. ४९ मध्ये आपल्या सैनिकांपुढे भाषण केले ते याच जागी, असे परंपरा सांगते. चौकाचे आजचे नाव मात्र सीझरचे नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये येथे फाशी दिलेल्या तीन तरुण प्रतिकारकांवरून त्याला ‘तीन हुतात्म्यांचा चौक’ म्हणतात.

पुलापाशी थोडे रेंगाळावे. इ.स. १४ ते २१ या काळात, म्हणजे ऑगस्टसच्या अखेरच्या वर्षात सुरू होऊन तिबेरियसच्या काळात पुरा झालेला हा पाच कमानींचा पूल इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचा आहे आणि २०२० पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जवळजवळ चारशे वेळा हवाई हल्ले झाले आणि त्यातून फारच थोड्या इमारती धड राहिल्या, तरी पूल उभाच राहिला. गावकऱ्यांच्या दंतकथेनुसार तो सैतानाने बांधला आहे आणि त्याच्या खुरांच्या खुणा दगडावर दाखवल्याही जातात. पलीकडच्या तीरावर सान जुलियानो ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या बैठ्या, रंगीत घरांच्या भिंतींवर याच गावच्या फेडेरिको फेलिनी या चित्रपट दिग्दर्शकाच्या चित्रपटांतली माणसे रंगवलेली दिसतात.

व्हियारेज्जोत ज्याला जोड नाही असे रिमिनीतले एक स्थळ म्हणजे ‘शल्यचिकित्सकाचे घर’. १९८९ मध्ये एका चौकात सापडलेले आणि २००७ पासून लोकांना खुले झालेले हे रोमन घर तिसऱ्या शतकाच्या मध्याला आगीत जळून कोसळले आणि त्याच ढिगाऱ्याखाली जसेच्या तसे झाकले गेले. आत सुमारे दीडशे शस्त्रक्रियेची उपकरणे निघाली. त्यांपैकी काही आगीच्या झळीने एकमेकांना चिकटून गोळा झालेली आहेत. शरीरात रुतलेले बाणाचे टोक आजूबाजूचे मांस न फाडता बाहेर काढण्यासाठी वापरायचे एक चमच्यासारखे हत्यारही त्यांत आहे. प्राचीन ग्रंथांतून ज्याचे वर्णन फक्त वाचायला मिळत असे, अशा हत्याराचा हा एकमेव ज्ञात नमुना मानला जातो. भिंतीवरच्या कोरलेल्या अक्षरांवरून त्या वैद्याचे नाव एउतिकेस असावे, असा तर्क केला जातो. मोझाइकच्या फरशा जागेवर आहेत आणि उपकरणे शेजारच्या नगरसंग्रहालयात आहेत. दोन्हींचे दर्शन एकाच फेरीत होते आणि ते चुकवू नये.

मध्ययुगाच्या अखेरीस रिमिनीवर मालातेस्ता घराण्याची सत्ता होती. त्यातल्या सिजिस्मोंदो या लढवय्या सरदाराने १४५० च्या सुमारास एका साध्या फ्रान्सिस्कन चर्चला लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती या वास्तुविशारदाकडून संगमरवरी कवच चढवून घेण्यास सुरुवात केली. अल्बेर्तीने चर्चच्या दर्शनी भागाला नमुना म्हणून निवडली ती त्याच गावातली ऑगस्टसची कमान. काम अर्धवट राहिले आणि वरचा भाग आजही तुटल्यासारखा दिसतो. आत जोत्तो या चित्रकाराने रंगवलेला क्रूस आणि पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराचे भित्तिचित्र आहे. भारतीय प्रेक्षक मात्र बहुधा खांब पाठीवर पेलणाऱ्या काळ्या दगडाच्या हत्तींपाशीच थबकेल. हत्ती हे या घराण्याचे चिन्ह होते आणि त्याचे लॅटिन ब्रीद असे होते, की ‘भारतीय हत्ती डासांना भीत नाही’. पोप दुसरा पायस याला हा सरदार इतका खुपत होता, की त्याने १४६२ मध्ये रोममध्ये त्याचा पुतळा जाळवला. हत्तीने डासांची पर्वा केली नाही खरी, पण त्याची सत्ता पुढे फार टिकली नाही.

एवढा इतिहास होऊन गेल्यावर रिमिनीने समुद्राकडे तोंड फिरवले. काउंट बाल्दिनी बंधू आणि डॉक्टर क्लाउदिओ तिन्तोरी यांनी ३० जुलै १८४३ रोजी येथे पहिली स्नानगृहे उघडली आणि १८६१ मध्ये बोलोन्या-अँकोना रेल्वेमार्ग आला. या रेल्वेने गाव आणि किनारा यांच्यामध्ये रेघच ओढली. एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला ‘मारीना’ अशी विभागणी झाली. १९०८ मध्ये उघडलेले पांढरेशुभ्र ग्रँड हॉटेल त्या दुसऱ्या बाजूचे वैभव ठरले. त्याचे दोन घुमट १९२० च्या आगीत गेले, ते पुन्हा बांधले नाहीत. त्याच वर्षी जन्मलेला फेलिनी लहानपणी या हॉटेलकडे कुंपणाबाहेरून पाहत असे आणि पुढे त्याने १९७३ च्या ‘अमारकोर्द’मध्ये आपले गाव पडद्यावर आणले. गंमत अशी, की त्यासाठी तो रिमिनीला आला नाही. त्याने रोमच्या स्टुडिओत आपले रिमिनी उभे केले. २०२१ मध्ये उघडलेले त्याचे संग्रहालय किल्ल्यात आणि जुन्या फुल्गोर चित्रपटगृहाच्या इमारतीत विभागलेले आहे. चित्रपटांची आवड असणाऱ्याला अर्धा दिवस तेथे सहज पुरतो.

युद्धानंतर उभी राहिलेली रिमिनी मात्र सर्वांना रुचेलच असे नाही. घराघरांतून चालवलेली स्वस्त निवासस्थाने, जर्मन कुटुंबांची झुंबड, क्रमांक घातलेले ‘बान्यो’ (किनाऱ्यावरची स्नानकेंद्रे) आणि त्यांपुढे छत्र्यांच्या लष्करी शिस्तीतल्या रांगा, असे या सामूहिक पर्यटनाचे स्वरूप होते. १९८९ मध्ये समुद्रावर शेवाळाचा चिकट थर पसरला आणि एका उन्हाळ्यात हा सगळा डोलारा डळमळला. तो सावरला, पण जुलै-ऑगस्टमधला किनारा आजही गोंगाटाचाच असतो. शांतता हवी असलेल्याने तेव्हा येथे उतरू नये.

व्हियारेज्जो: समुद्राने घडवलेले शहर

व्हियारेज्जोत रोमन अवशेष शोधू नयेत. लुक्का या प्रजासत्ताकाने १५१३ मध्ये आपले मोत्रोने बंदर फ्लॉरेन्सला गमावले आणि समुद्राकडे जाण्याचा दुसरा रस्ता उरला नाही म्हणून दलदलीतल्या या ठिकाणाला महत्त्व आले. सोळाव्या शतकातला मातिल्दे बुरूज त्या काळाची आठवण म्हणून कालव्याजवळ उभा आहे. पण वस्ती वाढेना, कारण मलेरिया. मालातेस्तांच्या हत्तीने ज्यांना हिणवले त्या डासांनीच हे गाव दोन शतके रोखून धरले. उपाय केला तो बेर्नार्दीनो झेन्द्रिनी या व्हेनिसच्या अभियंत्याने. खारे आणि गोडे पाणी मिसळते तेथेच रोग बळावतो, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्यानुसार १७४१ च्या सुमारास बुर्लामाक्का कालव्यावर आपोआप मिटणारे दरवाजे बसवण्यात आले. ताप ओसरला, वस्ती वाढली आणि १८२० मध्ये लुक्काची डचेस मारिया लुइसा हिने त्याला शहराचा दर्जा दिला. जे गाव दलदलीशी झगडून उभे राहिले, त्याच्याकडे भव्य इमारतींचा वारसा नसणे स्वाभाविक आहे.

दोनच वर्षांनी या किनाऱ्यावर अशी घटना घडली, की तिच्यामुळे व्हियारेज्जोचे नाव इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाले. तिशीही न गाठलेला कवी शेली ८ जुलै १८२२ रोजी लिव्होर्नोहून लेरीचीकडे आपल्या नौकेतून निघाला आणि वादळात बुडाला. प्रेत येथील वाळूवर आले. रोगप्रतिबंधाच्या कडक नियमांमुळे ते आधी चुन्यासह तेथेच पुरावे लागले आणि १६ ऑगस्टला त्याचा मित्र कवी बायरन याच्या उपस्थितीत किनाऱ्यावरच दहन करण्यात आले. युरोपात या चितेभोवती नंतर खूप काव्यमय धुके जमा झाले. समुद्रकाठचा अग्निसंस्कार ज्यांना मुळीच नवा नाही अशा वाचकाला त्यातला आरोग्यखात्याचा कारभारच अधिक लक्षात राहील. गावात शेलीच्या नावाचा चौक आणि त्याचा अर्धपुतळा आहे. जवळच नेपोलियनची बहीण पाओलिना बोनापार्ट हिचे त्याच सुमाराचे निवासस्थान आहे आणि त्यात आता नगरपालिकेची संग्रहालये आहेत.

स्नानगृहांच्या बाबतीत व्हियारेज्जो रिमिनीच्या पंधरा वर्षे पुढे होते. १८२८ मध्ये लाकडी खांबांवर दोन स्नानगृहे उभी राहिली, पुरुषांसाठी ‘नेरेओ’ आणि स्त्रियांसाठी ‘दोरी’. पुढे किनाऱ्यालगत लाकडी दुकाने, नाट्यगृहे आणि कॅफे यांची रांगच लागली. १९१७ मधल्या आगीत ती जवळजवळ सगळी जळाली आणि आज ‘पास्सेज्जाता’ म्हणून ओळखली जाणारी फिरण्याची लांबलचक वाट त्या राखेतूनच तयार झाली. वास्तुविशारद आल्फ्रेदो बेल्लुओमिनी आणि सजावटकार गालिलेओ किनी यांनी १९२० च्या दशकात येथे ‘लिबर्टी’ शैलीच्या, म्हणजे ‘आर्ट नूव्हो’च्या इटालियन रूपाच्या, उत्तरकाळाचा आणि आर्ट डेकोचा एक सलग पट्टा बांधला. किनी त्याआधी बँकॉकच्या राजवाड्यात भित्तिचित्रे रंगवून आला होता. १९२८ च्या ग्रान काफे मार्गेरिताचे चिनीमातीच्या रंगीत खापऱ्यांनी मढवलेले घुमट पाहिले, की ते पूर्वेकडचे दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींकडे कधी मान वर करून पाहिले असेल, तर या वाटेवर दुकानांच्या काचांपेक्षा वरच्या मजल्यांकडेच लक्ष द्यावे. एक कमतरता आहे. दुकाने आणि स्नानगृहांच्या इमारती मध्ये आल्यामुळे या वाटेच्या बऱ्याच भागातून समुद्र दिसतच नाही.

तरीही व्हियारेज्जोचा खरा आत्मा कार्निव्हलमध्ये आहे. पहिली मिरवणूक फेब्रुवारी १८७३ मध्ये निघाली आणि करांवर चिडलेल्या काही प्रतिष्ठितांनी तीत मुखवटे चढवून निषेध केला, असे सांगतात. राजकारण्यांची थट्टा हा त्या उत्सवाचा कणा आजही आहे. कलेच्या दृष्टीने निर्णायक वर्ष १९२५ ठरले. त्या वर्षी आन्तोनिओ दार्लियानो याने मिरवणुकीच्या रथांवरच्या आकृतींसाठी जड प्लास्टरऐवजी कागद वापरायची रीत आणली. आधी मातीत आकृती घडवायची, तिचा प्लास्टरचा साचा काढायचा, त्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या पीठ-पाण्याच्या खळीत भिजवून एकावर एक दाबत जायच्या आणि वाळल्यावर तो पोकळ, हलका कवचासारखा भाग काढून रंगवायचा. आपल्याकडे कागदाच्या लगद्याचे गणपती करतात. येथे लगदा नसून पट्टी आहे, हा फरक कारागीर मुद्दाम सांगतात. हलकेपणा आला म्हणून रथांची उंची वीस मीटरपर्यंत गेली आणि आत बसलेली माणसे दोऱ्या व तरफा ओढून त्या महाकाय चेहऱ्यांचे डोळे, हात आणि जबडे हलवू लागली. २००१ पासून हे सर्व काम शहराच्या कडेच्या ‘चित्तादेल्ला’त सोळा मोठ्या गोदामांत चालते. तेथे संग्रहालयही आहे, त्यामुळे कार्निव्हल नसतानाही या कलेची कल्पना येते. उत्सवाचा विदूषक बुर्लामाक्को हा उबेर्तो बोनेत्ती याने १९३० मध्ये रेखाटला. त्याच्या पोशाखातले लाल-पांढरे रंग उन्हाळ्यातल्या छत्र्यांचे आहेत, आणि हिवाळ्याचा उत्सव व उन्हाळ्याचा धंदा यांची गाठ त्याच्या अंगरख्यातच मारलेली आहे. मिरवणूक तोफेचे तीन बार झाल्यावर सुरू होते आणि ती पाहायला तिकीट लागते.

दुसरे आकर्षण संगीताचे. व्हियारेज्जोच्या हद्दीत, मास्साच्युक्कोली सरोवराच्या काठी, तोर्रे देल लागो हे गाव आहे. ऑपेरांचा संगीतकार पुच्चिनी १८९१ पासून तेथे राहिला आणि ‘तोस्का’ व ‘मादामा बटरफ्लाय’ यांसारख्या ऑपेरांचे पुष्कळसे लेखन त्याने तेथेच, पाणकोंबड्यांच्या शिकारीच्या अधूनमधून, केले. १९२१ मध्ये तो व्हियारेज्जोत राहायला आला आणि अपुऱ्या राहिलेल्या ‘तुरान्दोत’वर तेथेच काम करत होता. १९२४ मध्ये तो ब्रसेल्सला वारला, पण त्याचे दफन तोर्रे देल लागोच्या घरातच, राहत्या खोल्यांच्या मधोमध केलेल्या छोट्या प्रार्थनागृहात आहे. दर उन्हाळ्यात सरोवरकाठच्या खुल्या नाट्यगृहात त्याच्या ऑपेरांचा महोत्सव होतो. त्याची सुरुवात १९३० मध्ये झाली. ऑपेरा कधीच ऐकला नसेल त्यानेही येथे एक संध्याकाळ काढावी, डासांचे मलम मात्र बरोबर ठेवावे.

दोन्हीकडचा मराठी धागा

निवडीत भावनेला जागा द्यायची असेल तर दोन्ही शहरांजवळ मराठी वाचकाला थांबवणारी एकेक जागा आहे. रिमिनीहून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा युद्धस्मशान आहे. तेथे सहाशेहून अधिक कबरी आहेत आणि ज्यांचे धर्मानुसार दहन झाले अशा भारतीय सेनेतील १७२ जणांची नावे कोरलेले वेगळे स्मारकही आहे. जर्मनांच्या ‘गॉथिक’ फळीवरच्या लढाईत भारतीय तुकड्या या प्रदेशात लढल्या. रिमिनीच्या वायव्येस सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीच्या शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले आणि मग शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यांवर एकट्याने चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

व्हियारेज्जोहून आगगाडीने दीडेक तासावर फ्लॉरेन्स आहे. तिथल्या काशिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, करवीरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना ते ३० नोव्हेंबर १८७० रोजी अवघ्या विशीत फ्लॉरेन्सला वारले आणि त्यांच्यावर संगमाकाठी अग्निसंस्कार झाले. १८७४ मधला त्यांचा रंगीत अर्धपुतळा छत्रीखाली बसवलेला आहे आणि जवळच्या आधुनिक पुलाला लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणून ओळखतात. शेलीच्या चितेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तस्कनीत पेटलेली ही दुसरी चिता कोल्हापूरकरांना तरी वाट वाकडी करून पाहावीशी वाटेल.

जेवण, सोबत आणि वेळ

जेवणाचा मुद्दा शाकाहारी माणसाला निर्णायक ठरू शकतो. रिमिनीचे अन्न म्हणजे ‘पियादिना’, तव्यावर भाजलेली, पोळीची चुलत बहीण शोभेल अशी पातळ रोटी, आणि तिच्यात घातलेले मऊ स्क्वाक्वेरोने चीज व पालेभाजी. पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते, म्हणून ऑलिव्ह तेलाची पियादिना आहे का, हे आधी विचारावे. व्हियारेज्जोच्या बाजूला ‘चेचिना’ मिळते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावरच मोठ्या ताटात भट्टीत भाजलेली ही जाड वडी म्हणजे बेसनाच्या धिरड्याचे भट्टीतले रूप होय, आणि ती निःशंक खावी. मासे खाणाऱ्याला दोन्हीकडे चंगळ आहे. रिमिनीत एड्रियाटिकचे छोटे मासे, तर व्हियारेज्जोत ‘काच्युक्को’ नावाचा अनेक माशांचा दाट रस्सा.

आजूबाजूच्या सहलींत दोन्ही पारडी जड आहेत. रिमिनीहून मोझाइकसाठी राव्हेन्ना आगगाडीने आणि सान मारिनो बसने गाठता येते. व्हियारेज्जोहून लुक्का व पिसा अर्ध्या तासाच्या आत येतात आणि मागच्या आपुआन डोंगरांत मायकलअँजेलोने संगमरवर काढला त्या खाणी आहेत. डोंगरांवरचे पांढरे पट्टे बर्फाचे नसून संगमरवराचे असतात, हे पहिल्या दिवशी कुणाला खरे वाटत नाही. खर्च व्हियारेज्जोत सामान्यतः जास्त येतो. पोहण्यासाठी लहान मुलांना रिमिनीचा उथळ, संथ समुद्र अधिक सोयीचा आहे. गर्दी टाळून मोकळ्या वाळूवर बसायचे तर व्हियारेज्जोच्या दक्षिणेला, राखीव उद्यानातल्या लेच्चोनाच्या टेकाडांकडे जावे.

माझे मत विचाराल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, इतिहासासाठी आणि तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने बिनदिक्कत रिमिनी निवडावी आणि जुन्या शहरात, रेल्वेच्या अलीकडे राहावे. किनाऱ्यावरची हॉटेले तेव्हा अर्धी बंदच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाणे भाग असेल, तर पुच्चिनीच्या महोत्सवाचे तिकीट आधी काढून व्हियारेज्जो गाठावे. आणि फेब्रुवारीत इटलीला जाण्याचा योग आला, तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही: मिरवणुकीचा रविवार पाहून तारखा ठरवाव्यात आणि त्या दिवशी व्हियारेज्जोत खोली मिळाली नाही तर लुक्कात उतरून सकाळच्या गाडीने यावे.